बावीसच्या बावीस माग

तीर्थरूप आईस,

तुझ्या पायांवर डोके ठेवून सांगतो, आमचा कापडाचा कारखाना आज सुरू झाला.

महासाथीत टाळे लागले तेव्हा मी सगळे माग ग्रीस चोपडून गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. मुकादम हसला होता, "लेकरं निजवतोस काय रे?" दोन वर्षांनी मालक ते भंगारात काढायला निघाले. मी चार दिवसांची मुदत घेतली. आज देवाचे नाव घेऊन बटण दाबले आणि बावीसच्या बावीस माग धडधडू लागले. मुकादमच ओरडला, "उठली रे तुझी लेकरं!"

माझा खोकला कमी आहे. तू औषध वेळेवर घेतेस ना?

धाकट्याला म्हणावे, काम गेले म्हणून झुरू नकोस. खिडकीजवळचा तुझा माग दादाने कुणालाही दिलेला नाही.

तुझा,
थोरला