मिरेल्ला येऊ नये

सोमवार, ४ नोव्हेंबर

लिही तैमी, मला कुठे अक्षर येतं. मी सातव्या मजल्यावर राहते, कारण आम्हा रोमा लोकांत थोरांच्या डोक्यावर तरण्या बायकांनी वावरायचं नसतं. मान असतो तो. लिफ्ट बिघडली की त्या मानासकट अडकून पडायचं.

मिरेल्ला, माझी नात, दुसऱ्या मजल्यावर. रोज कॉफीला वर यायची. उन्हाळ्यापासून आलेली नाही. "पाठ धरलीय तिची," सून म्हणते. मी म्हणते, "असं का." एवढी लांबलचक पाठ मी कुणाची पाहिली नाही. पण आमच्यात असल्या गोष्टी थोरांसमोर काढत नाहीत. दिवस गेलेली पोर नजरेआड राहते. मूल बाळसं धरतं, बसायला लागतं, आणि मग एक दिवस घरात दिसतं, बाजारातून आणल्यासारखं. म्हातारीने म्हणायचं, "अगंबाई, हा कोण?" मी ते फार छान म्हणते. सगळे वाखाणतात.

तैमीने मान वर केली नाही. शेजारीण आहे, आमच्यातली नाही. म्हणून तिला सगळं सांगता येतं. आमचे लोक सांगत नाहीत, तिचे विचारत नाहीत. आमची दोघींची जोडी झकास.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पाऊस. लिफ्ट चालू. कुणी आलं नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

काल लिहायला बोलावलं नाही. अंगात त्राणच नव्हतं.

काल सकाळीच वेइयो दारात. माझा मुलगा, मिरेल्लाचा बाप. नवा कोट, केस चापून बसवलेले, चेहरा उतरलेला. "आई, चल, शहरात फिरून येऊ."

"सत्तर वर्षं बघतेय हेलसिंकी. हललंय का कुठे?"

"हवा छान आहे."

खिडकीवर पाऊस थडाथडा आपटत होता. "हो की, छान आहे," म्हणाले आणि घागरा चढवला. मखमलीचा. कोरडा असतानाच एखाद्या पोराएवढा जड.

लिफ्टमध्ये वेइयो बटणांना पाठ लावून उभा. दारात अँब्युलन्स, दिवे फिरतायत, आवाज बंद. दोघं माणसं स्ट्रेचर घेऊन भिजत उभी.

"कुणाला तरी बरं नसेल," तो म्हणाला.

"म्हाताऱ्या फार झाल्यात या इमारतीत," मी म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं. ती माणसं माझ्यासाठी खोळंबली होती. मी हलल्याशिवाय मिरेल्लाला खाली आणणार नव्हती. मी पाय उचलले. वेइयो म्हणत होता, "हळू आई, घसरशील." मेट्रोपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

शहरातल्या मोठ्या स्टेशनाबाहेर ते दिवे धरलेले दगडी बाप्ये उभे आहेत ना, तेही निथळत होते. वेइयो त्यांच्याकडे असा बघत राहिला, जणू आज पहिल्यांदाच पाहतोय. तिथून मोठ्या चर्चकडे. पांढऱ्या पायऱ्यांवरून पाणी धावत होतं. "चढू या?" म्हणतो.

"या घागऱ्यात? मला पोचवायची एवढी घाई आहे का तुला?"

हसला नाही. एरवी हसतो.

कोरडं व्हायला एका मोठ्या दुकानात शिरलो. आमचा घागरा दिसला, गार्ड लगेच मागे. आम्ही हातमोज्यांपाशी, तो हातमोज्यांपाशी. आम्ही पातेल्यांपाशी, तो पातेल्यांपाशी. मी त्याला म्हटलं, "बाबा, तू तरी बसून घे, पाय दुखतील." तो लाजला. वेइयोचा फोन वाजला आणि वेइयो बाहेर पळाला. पावसात, छत्रीशिवाय. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. मुलाची पाठ आईला वाचता येते, त्याला अक्षरं लागत नाहीत.

परत आला. "कोण होतं?"

"गॅरेजवाला. गाडी टाकलीय दुरुस्तीला."

गाडी त्याने दोन वर्षांमागेच विकली. मी म्हटलं, "काय म्हणतो?"

"वेळ लागतोय म्हणतो."

"माणूस हुशार आहे का?"

"मोठ्यालाही बोलावलंय आता."

"मग करतील," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने घाईने खाली बघितलं. त्यालाही दवाखान्यात थांबायची सोय नव्हती. बापासमोरही मुलीचं असलं काही चालत नाही. मला फिरवायच्या नावाखाली तो स्वतःला फिरवत होता.

बंदरावरच्या बाजारात नारिंगी तंबूत बसलो. कॉफी, आणि खिमा भरलेली तळलेली करंजी. त्याने एक घास खाल्ला. समुद्र आणि आभाळ एकाच घाणेरड्या पाण्याचे. घागरा गुडघ्यापर्यंत भिजून मला खाली ओढत होता. घरी जाऊ म्हणावं, तर घरी जाऊन काय करायचं? सातव्या मजल्यावर बसून काहीच माहीत नसल्यासारखं करायचं. त्यापेक्षा पाऊस बरा.

पुन्हा फोन. या वेळी तो पार धक्क्याच्या कडेला गेला. फोन खिशात घातला तरी तिथेच. टोपी काढून हातात धरली होती.

आला. "झाली गाडी."

"बरी आहे?"

"गाडी बरी आहे, आई."

मला पुढचं विचारायचं होतं. पण आमच्या त्या गाडीच्या गोष्टीत दुसऱ्या जिवाला जागाच नव्हती. कसं विचारणार? त्याने माझा हात धरून उठवलं. "अजून थोडं फिरू." अंधार पडेपर्यंत आम्ही चालत होतो. कुठून कुठे, ते नाही सांगता येणार.

शनिवार, ९ नोव्हेंबर

मिरेल्ला आली नाही. उत्तम! येऊच नये तिने. मूल झालेली पोर कितीतरी महिने थोरांना तोंड दाखवत नाही. म्हणजे वसंतापर्यंत तिची खुर्ची रिकामी दिसली पाहिजे. तैमी तिथे बसायला गेली, तिला उठवलं. म्हटलं, ती खुर्ची कामात आहे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आली नाही. सून आली होती, डोळे सुजलेले. सर्दी म्हणाली. मी आल्याचा पाक दिला. सर्दीवर तो देतात.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आली.

दार वाजलं तेव्हा मी म्हटलं, देवा, वेइयो असू दे. मिरेल्ला होती. घागरा नीट, केस नीट. ब्लाउजच्या आत छाती कापडाने करकचून बांधलेली, दूध आटावं म्हणून. ते मला कुणी शिकवायला नको.

"आजी, कॉफी करू?"

"कर."

थोरांनी बस म्हटल्याशिवाय बसत नाहीत म्हणून ओट्याला टेकून उभी राहिली. कप काठोकाठ भरला, एक थेंब सांडला नाही.

"पाठ कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे आता."

"पाऊस फार आहे."

"हो, आजी."

कप धुतले, पुसले, जागेवर ठेवले, गेली. मी जाऊ दिलं. जे माझ्यासाठी कधी नव्हतंच, त्यासाठी रडायचं तरी कुठल्या तोंडाने? ती मानाने गप्प, मी मानाने गप्प. कुणी कुंडी उलटी करून दोघींवर ठेवावी, तसं झालंय.

तैमीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तिला थोडं सूप नेऊन देऊ का?" इतक्या वर्षांत तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, नको. ते काम तुझं नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सकाळी जिन्याने खाली गेले. मिरेल्लाने दार उघडलं आणि रीतीप्रमाणे बाजूला सरून उभी राहिली. मी विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

ती तिथेच खाली बसली. "मुलगी," म्हणाली. मग मीही बसले तिच्याशेजारी. उठायला दोघींना दुपार झाली.