दुहेरी पॅकेजांचा बंदोबस्त

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो की अजून रुसूनच बसलाय? इकडे सगळे ठणठणीत आहेत. (ताईच्या दवाखान्यातला संगणक सोडून. पण ते काम मी हातात घेतलं आहे, तेव्हा तू निर्धास्त राहा.)

ताईच्या डोळ्यांच्या दवाखान्यातले संगणक मीच बघतो, हे तू जाणतेसच. मंगळवारी दुपारी मी मुख्य संगणक अपडेटला लावला आणि जेवायला गेलो. तेवढ्यात स्वागतकक्षातल्या बाईंना (आम्ही त्यांना हेडबाई म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे) फरशी साफ करायचं यंत्र लावायचं होतं. त्यांनी मोकळा प्लग शोधला नाही, सरळ एक मोकळा केला. आता अपडेटचं असं असतं, की आधी नवं पॅकेज, म्हणजे एकेका प्रोग्रॅमचं गाठोडं, आत येतं आणि मग जुनं बाहेर काढलं जातं. नवी बहुतेक येऊन बसली होती, जुनी निघायची होती, आणि मधेच सगळं बंद! मी परत येऊन संगणक सुरू केला, तर यादीत एकेक नाव दोनदा, आणि डोळ्यांचे फोटो दाखवणारा प्रोग्रॅम उघडायलाच तयार नाही.

ताई म्हणाली, "उद्या सकाळी बसवाल्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्यांची सगळी मापं यात आहेत. आत्याला फोन कर, तिला यातलं कळतं."

"एवढ्याशा कामाला आत्या कशाला?" मी म्हणालो.

आणि काम खरंच एवढंसंच होतं. पॅकेजं बसवण्या-काढण्याचं काम ज्या प्रोग्रॅमकडे असतं, त्यात दुहेरी पॅकेजं काढायची आज्ञाच असते. ती दिली. जुनी भराभर निघाली, फोटो दिसायला लागले, हेडबाईंचा चढलेला आवाजसुद्धा खाली आला. मी इथेच थांबायला हवं होतं, असं ताईचं मत आहे. पण आत्या, एक जोडी शिल्लक होती! कर्नल, म्हणजे संगणक सुरू होताना जे सगळ्यात आधी जागं होतं, ते. प्रोग्रॅमचं म्हणणं, याच्या दोन आवृत्त्या मुद्दाम ठेवल्यात, नवी चालली नाही तर जुनी हाताशी असावी म्हणून. मला हा निव्वळ भित्रेपणा वाटला. (अर्धवट साफसफाई आपल्या घराण्यात नाही.) मी जुनी आवृत्ती जबरदस्तीने काढली आणि ऐटीत संगणक पुन्हा सुरू केला. प्लग निघाला तेव्हा नेमकी तीच नवी आवृत्ती अर्धवट बसलेली होती आणि संगणक तोवर जुनीवरच चालत होता, हे मला काळ्या पडद्याने कळवलं.

तोवर बसवाले काका तपासणीला आत आले होते. मी म्हटलं, "काका, स्क्रीन जरा काळी झालीय."

"मला तर पहिल्यापासून तशीच दिसतेय," ते म्हणाले.

ताईने त्यांना पुन्हा यंत्रासमोर बसवलं आणि सगळी मापं नव्याने घेतली. ऑपरेशन मात्र झकास झालं. पट्टी काढल्यावर काकांनी ताईकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही एवढ्या लहान आहात होय? आधी दिसलं असतं तर डोळा दिलाच नसता!" ताई पोट धरून हसली. माझ्याकडे बघून नव्हे.

तेव्हा माझी पद्धत बरोबरच होती, फक्त एका पॅकेजापुरती जास्त झाली. लहानांना माझे आशीर्वाद सांग.

तुझा भाचा

ता.क. शनिवारी सहज चक्कर टाक ना. येताना संगणक बसवायचा तुझा तो पेनड्राइव्ह आण. तोही सहजच.

ता.क. दुसरा : संगणकाच्या खोलीला ताईने कुलूप लावलंय. किल्ली तू मागितलीस तर देईल, मी मागून पाहिली.

ता.क. तिसरा : आत्या, मी ताई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहितेय. तू फोनवर सांगितलंस तसं केलं, संगणक बुधवारीच सुरू झाला. त्याला मात्र सांगू नकोस. हेडबाई रजेवर आहेत आणि तो निमूटपणे त्यांचे फोन उचलतोय.