पुठ्ठ्याच्या दोन चकत्या

६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

"हिनं हँडल फिरवलं होतं." चौतीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू आईला हे सांगितलंस, तेव्हा मी शाळेच्या गणवेशात तुझ्या मागेच उभी होते. आत बाबांच्या खांद्यातून दगडाचा तुकडा काढणं चाललं होतं. ग्राइंडिंग मशीनचं दगडी चाक फुटून तो घुसला होता. चाक खालीवर करायचं हँडल मी आदल्या संध्याकाळी फिरवलं होतं, हे खरंच होतं. त्यामुळे मला तोंड उघडता आलं नाही. चाक मी खाली आणून ठेवलं, ते टेबलावर आपटलं आणि फुटलं, असं घरात ठरून गेलं. मशीनवर ताडपत्री पडली आणि मला शेडची पायरी बंद झाली.

मग मी काय केलं, तर बावीस वर्षं कारखान्याच्या तपासणी खोलीत बसून दुसऱ्यांनी कापलेल्या लोखंडाची मापं घेतली. स्वतः एक ठिणगी उडवली नाही. आता ते काम कॅमेरा करतो आणि मला नारळ मिळाला, हे तुला माहीत आहेच.

गेल्या आठवड्यात शेड झाडायला गेले आणि ताडपत्री ओढून काढली. खाली सगळा गंज. पण दादा, मशीन जागेवर आहे. मी बिघडवलं ना? मग मीच दुरुस्त करणार. बाबांच्या हाताखाली काम केलेले फिटरकाका म्हणाले, की याचे भाग आता कुठल्याच दुकानात मिळायचे नाहीत, हा नाद सोड. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तेलाची बुधली घेऊन दारात हजर!

बाबांना नमस्कार. वहिनीला सांग, मी वेडी झालेली नाही. लोभ आहे तसाच राहू दे, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत.

तुझी,
मोजपट्टी

१४ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नणंदबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता लोखंडाच्या काढतायत. लहानपणी माझ्या ताटातली भाकरी तुझ्यापेक्षा किती मोठी आहे हे तू पट्टी लावून दाखवायचीस, ते आठवून आम्ही दोघं हसलो. नाव उगाच नाही पडलं.

आता हसणं बाजूला. मी रोज नवी मशीनं विकतो. बटण दाबलं की काम करणारी. तुझ्या त्या धुडाला आज कुणी दारात उभं करणार नाही. शेड भाड्याने द्यायची आहे. भंगारवाल्याशी बोललो आहे, तो सव्वीस तारखेला साखळ्या घेऊन येईल. तू फक्त दार उघड. आणि झालं गेलं कशाला उकरतेस? तू लहान होतीस, तुला कुणी कधी बोललं का?

बाबा बरे आहेत. खिडकीशी बसतात. हाताला येईल त्या वस्तूवरून अंगठा फिरवत राहतात. परवा आमच्या नव्या जेवणाच्या टेबलावरून फिरवला आणि च्‌ केलं. पॉलिशवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

हट्ट सोड आणि माया धर.

तुझा,
दादा

२८ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा भंगारवाला आला होता. मी मशीनच्या टेबलावर चढून बसले आणि डबा उघडला. तो म्हणाला, बाई, उठा. मी म्हटलं, जेवण झाल्याशिवाय उठत नाही. मी फार सावकाश जेवते, दादा. दोन तासांनी तो साखळ्या गोळा करून गेला. जाताना फिटरकाकांना विचारत होता, की या बाईंच्या घरी कुणी मोठं माणूस नाही का. काका म्हणाले, आहे, पण ते लांब राहतं आणि पत्रं लिहितं.

तू विचारलंस, मला कुणी बोललं का. कुणीच बोललं नाही. मी शेडच्या दाराशी गेले की बाबा हाताखालचं दुसरं मशीन बंद करून हात पुसत बाहेर यायचे, बस. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

काम पुढे सरकलंय. टेबल ज्या दोन पट्ट्यांवर सरकतं त्या रॉकेलने धुतल्या, तेलाच्या खाचा काडीने कोरून मोकळ्या केल्या. पट्ट्यांवर निळा रंग पुसून टेबल फिरवायचं, उंचवट्याला रंग लागतो, तेवढंच खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. अकरा दिवस हेच. माझ्या नखांतला निळा आता जात नाही. परवा टेबल एका बोटाने ढकललं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. काका दुसरीकडे बघत नाक पुसत होते.

आता उरलं चाकावरचं झाकण. त्याचे चारही बोल्ट गंजून बसलेत, त्यांना रॉकेल पाजते आहे. नवं चाक मागवलंय. शेड भाड्याने द्यायचीच असेल तर मला दे.

रागावलास तरी चालेल, अबोला नको.

तुझी,
मोजपट्टी

५ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

हात जोडतो, झाकण उघडू नकोस. आतलं सगळं गेलेलं असणार. चाकाचा तो पुढचा भागच्या भाग उतरवून फेकून दे, मी तुला दुसरा शोधून देतो, खर्च माझा. हवं तर नवं छोटं मशीन पाठवतो. पण ते जुनं उकलत बसू नकोस.

आणि ऐकायचंच नसेल, तर नवं चाक आधी टांगून लाकडी मुठीने वाजवून बघ. भेगाळलेलं असेल तर बद्द आवाज येईल. चाकाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची चकती घालायची, मग लोखंडी तबकड्या आवळायच्या. एका बाजूला नाही, दोन्ही. ते काम काकांना करू दे आणि त्यांना घाई करू नकोस. सुरू करताना समोर उभी राहू नकोस.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. या वयात त्यांना त्रास नको.

काळजी वाटते म्हणून लिहितो, दुसरं काही नाही.

तुझा,
दादा

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झाकण उघडलं.

त्या दिवशी फुटलेल्या चाकाचा मधला तुकडा दोन तबकड्यांमध्ये तसाच आवळलेला होता. काकांनी नट सोडवला. दगड आणि लोखंड यांच्यामध्ये पुठ्ठा नव्हता. ना या बाजूला, ना त्या. दगडाने लोखंडावर गोल ओरखडे पाडले होते. कडक दगड लोखंडाशी थेट आवळला की त्याला भेग जाते आणि वेगात आला की फुटतो, हे तुला मी काय सांगायचं? काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चाक त्या दिवशी कुणी बसवलं होतं, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाणी प्यायला गेले.

मला आठवलं. त्या सकाळी बाबांनी पहिल्यांदाच चाक बसवायला तुझ्या हाती दिलं होतं. तू खिशात पाना खोचून घरभर राजासारखा फिरत होतास.

मग मी माझं काम केलं, माप घेतलं. चाकाचा अख्खा डोलारा गंजून जिथे अडकला होता, तिथे चाकाच्या खालच्या कडेपासून टेबल एकशे बासष्ट मिलिमीटर खाली आहे. ताडपत्री पडल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. टेबलावर एक चरा नाही. मी हँडल फिरवलं होतं, दादा, पण वर. चाक कशालाच लागलं नव्हतं. ते हवेत फुटलं. आणि ताडपत्री टाकली कुणी? बाबा दवाखान्यात होते.

तू एकोणीस वर्षांचा होतास, घाबरलास. त्या मुलाला मी केव्हाच माफ केलं, झाकण उघडल्याच्या रात्रीच. पण साखळ्या पाठवणारा माणूस त्रेपन्न वर्षांचा आहे. त्याच्याशी माझं भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही.

तुझ्या पत्रातल्या सूचना मात्र एकूण एक पाळल्या. चाक टांगून वाजवलं, घंटेसारखं वाजलं. दोन्ही बाजूंना पुठ्ठा घातला. काकांना हात लावू दिला नाही, मीच बसवलं. बाजूला उभी राहून बटण दाबलं. ठिणग्या उडाल्या तेव्हा मी बारा वर्षांची होते की सेहेचाळीस, मला सांगता येणार नाही.

सोबतच्या पार्सलात लोखंडाचा एक ठोकळा आहे. तळहाताएवढा. मी घासलेला पहिला. पाच ठिकाणी मोजला, फरक दोन मायक्रॉनच्या आत आहे. शेडवर काल माझी पाटी लागली. धार लावून घ्यायला आज दोघंजण येऊन गेले, त्यामुळे किल्ली आता मागू नकोस.

एक मागणं आहे. हा ठोकळा बाबांच्या हातात दे. ते अंगठा फिरवतील, त्यांना फिरवू दे. च्‌ करत नाहीत ना, बघ. मग सांग, की हा त्यांच्या मुलीने त्यांच्याच मशीनवर घासलाय. आणि मग त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बस आणि पुठ्ठ्याच्या चकत्यांचं सांग. मी लिहून कळवणार नाही, काका सांगणार नाहीत, वहिनीने सांगून चालणार नाही. ते वाक्य तू बोलला होतास, हेही तूच बोलायचं.

तू नाही म्हणशील. बाबांचं वय काढशील, डॉक्टरांचं नाव घेशील, आता काय उपयोग असं विचारशील. माया कमी होणार नाही, याची खात्री बाळग. पण मागणं मी मागे घेत नाही. त्यांना सांग, दादा.

तुझी,
मोजपट्टी