भिंतीपलीकडचं ग्लोरिया

मीरा रोड,
३० डिसेंबर २००७

प्रिय व्हेरोनिका,

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला की ॲशली तो स्पीकरवर टाकतो, सूनबाई मागून हॅलो आंटी करते, बाळ रडायला लागतं आणि आपण दोघी एकमेकींची तब्येत विचारून मोकळ्या होतो. अकरा वर्षं शेजारी राहिलेल्या बायकांनी असं बोलायचं असतं का? म्हणून पेन घेऊन बसलेय. तूही हे एकटीनंच वाच.

आधी बातमी देते. नाताळच्या सकाळी मी उत्तनजवळच्या पालीला गेले होते, तुझ्या माहेरच्या चर्चमध्ये, मिसाला. हसू नकोस. तू दरवर्षी बोलवायचीस आणि मी दरवर्षी नळाला पाणी यायची वेळ पुढे करायचे. खरं कारण आज सांगून टाकते. मला तुझं ते गाणं आवडायचं नाही. तुझा ओटा आणि माझा ओटा एकाच भिंतीला. नोव्हेंबर लागला की तुझी ग्लोरियाची घोकंपट्टी सुरू व्हायची, आणि डिसेंबरात तर करंज्या तळता तळता तेच. (त्या करंज्यांबद्दलही एकदा बोलायचंय, आमच्या दिवाळीच्या करंज्यांपेक्षा दुप्पट जाड! पण ते असो.) तीनशे वर्षांपूर्वीचं आहे, लॅटिन आहे, परदेशातल्या मोठमोठ्या चर्चमध्ये गातात, असं तू कौतुकानं सांगायचीस. मला भिंतीतून ऐकू यायचं ते एवढंच, की एक बाई एका सुरावर उभी आहे. जराशी वर जायची, परत त्याच जागी यायची. मग मध्येच गप्प. झाऱ्याची कढईवर टकटक. पुन्हा तोच सूर. मला वाटायचं, करंजी उलटायला थांबत असेल. देवाच्या जन्माला इतकं रडकं गाणं कशाला म्हणतात, असं मी आमच्या ह्यांना विचारलंही होतं. हे म्हणाले, तुझ्या आरत्या तिला कशा लागतात ते आधी विचारून ये.

हे गेले त्या वर्षी तू माझ्यासाठी गाणं बंद ठेवलं होतंस, आठवतं? चार दिवस पलीकडून आवाज नाही. पाचव्या दिवशी मीच भिंतीवर लाटणं आपटून तुला सांगितलं, गा बाई. रडकं तर रडकं, पण कुणीतरी आहे असं वाटायचं.

गेल्या वर्षीचा डिसेंबर मी कसाबसा काढला. म्हटलं, सहा महिन्यांसाठी लेकाकडे गेलीय, एप्रिलपर्यंत येईल. यंदा नोव्हेंबर आला आणि एक दिवस भाजी चिरताना मी स्वतःच ते गाणं गुणगुणत होते. अर्थ कळत नाही, शब्द धड येत नाहीत, पण अख्खं पाठ, तुझ्या थांबण्यांसकट. थांबले की माझाही हात पळीनं ओट्यावर टकटक करायचा. घरात दुसरं कुणी ऐकायला नव्हतं म्हणून बरं. मग म्हटलं, हे गाणं एकदा पुरतं ऐकून यावं. भाईंदरहून उत्तनची बस पकडली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

तुमच्या गाण्याच्या मास्तरानं, पास्कलनं, हात वर केला आणि सगळे गायला लागले. व्हेरोनिका, ते तुझं गाणं नव्हतंच! असं धावणारं, उसळणारं, चहूबाजूंनी येणारं. मला वाटलं, यंदा मास्तरानं गाणं बदललं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तेच हाय, दुसरं न्हाय. मी डोळे मिटून शोधत राहिले. वर बायकांचे उंच आवाज, खाली पुरुष गडगडतायत, आणि त्यांच्या मधोमध, कुणाला दिसू नये असा, तुझा तो सूर सापडला. अकरा वर्षं मी तुझी एकटीची बाजू ऐकत होते आणि तेच गाणं आहे असं समजत होते. आणि तू गप्प व्हायचीस ना, तिथे बाकीचे सगळे गात असतात! तू करंजी उलटत नव्हतीस, मात्रा मोजत होतीस, तुझी वेळ यायची वाट बघत. मी रडले. अगदी नाक ओढून ओढून.

रडता रडता मी गायलेही म्हणे, आणि बऱ्यापैकी मोठ्यानं. मिसा संपल्यावर पास्कल थेट माझ्याकडे आला. आल्टोला, म्हणजे तुझ्या त्या मधल्या सुराला, आता दोघीच उरल्यात, त्यातली एक खोकतेय. मावशी, नव्या वर्षापासून दर रविवारी प्रॅक्टिसला या, म्हणाला, लॅटिन आमच्यापैकी तरी कोणाला येतं! मी म्हटलं, तिथली खुर्ची व्हेरोनिकाची आहे. त्यानं विचारलं, ती येणार हाय का? माझी बस चुकेल म्हणून मी निघाले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ॲशलीचा पंधरा दिवसांपूर्वी फोन आला होता. फ्लॅट विकायचाय, एजंटला चावी द्या, मम्मीला मी सांगतो, म्हणाला. त्यानं तुला सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. एजंट दोनदा आला, दोन्ही वेळा मी चावी हरवली म्हणून सांगितलं. चावी मेतकुटाच्या बरणीत आहे. संक्रांत झाली की तो कुलूप तोडणारा माणूस घेऊन येणार आहे. घर तुझं, मुलगा तुझा, मध्ये पडणारी मी कोण? पण मला हे तुझ्या तोंडून ऐकायचंय. भिंतीपलीकडे तू गप्प झालीस त्याला चौदा महिने झाले. संपलं असेल तर तसं स्पष्ट लिही. मी चावी देईन आणि रविवारी तुझ्या खुर्चीत जाऊन बसेन. पण येणार असशील, तर किती मोजायचं तेवढं सांग. मी मोजत थांबेन.

तुझीच, भिंतीअलीकडची,
शैला