आमच्या घरचा हनन्या

भुसावळ, ४ नोव्हेंबर २०२४

चि. कोकिळा हिस,
भाऊचे अ. उ. आ. आणि ख्रिस्तात सलाम.

फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टमनला त्रास. आपल्या नवीनला मुलगा झाला, मी आजोबा झालो! रंग सुनेचा, नाक मात्र तुझं, बिचाऱ्याचं. रविवारी २४ तारखेला चर्चमध्ये त्याचं समर्पण, बाळाला देवाच्या हाती द्यायचं. नवीनला बहीण नाही, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आजेआत्याचा. पवित्र शास्त्रातलं नाव निवडलंय, हनन्या. आठ वर्षांत या घरी पाऊल टाकलं नाहीस. आता ये.

लोभ आटला असेल तर माझ्यातला थोडा घे.
पितांबर

देवपूर, धुळे, ८ नोव्हेंबर

ती. भाऊस सा. न. वि. वि.

बाळाला माझे मुके. पण नाव? अरे देवा! तू शास्त्र वाचतोस की त्यावर नुसता चष्मा ठेवतोस? हनन्या म्हणजे प्रेषितांपुढे खोटं बोलून जागीच मेला तो! रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं पोरांना दटावलं, हनन्या होऊ नका. दुसरा हनन्या महायाजक, त्याने पौलाच्या तोंडावर मारायला लावलं. तिसरा खोटा संदेष्टा, वर्षाच्या आत गेला. नाव बदला, नाहीतर दुसरी आत्या शोधा.

लोभाचं म्हणशील तर बाळापुरता आहे.
कोकिळा

भुसावळ, १२ नोव्हेंबर

चि. कोकिळा हिस अ. उ. आ.

खवचटपणा शाबूत आहे, बरं वाटलं! नेमके वाईटच वेचलेस गं. दानिएलाचा सोबती हनन्या भट्टीतून केसही न जळता बाहेर आला. आणि दिमिष्क शहरातला हनन्या? ख्रिस्ती लोकांना धरून नेणाऱ्या शौलाचं नाव ऐकून घाबरला, देवाशी हुज्जत घातली, तरी त्याच्याकडे गेला आणि त्याला भाऊ म्हणाला. आपल्या वसाहतीत नवीन नावाचे तिघे आहेत, एक रोज पिऊन गटारात पडतो. म्हणून आपल्या नवीनने नाव बदलायचं का?

पत्राची वाट पाहणारा,
पितांबर

देवपूर, १५ नोव्हेंबर

ती. भाऊस सा. न. वि. वि.

त्या खोटारड्याचा मला राग नाही. त्याचं पुढचं वाच. त्याला पुरून आले आणि तीन तासांनी त्याची बायको आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी कुणी थांबलं नाही.

आई गेली तेव्हा माझी बस पारोळ्याला बंद पडली. फोनवर रडून सांगितलं होतं, थांब. पोचले तर माती होऊन तुम्ही चहा पीत होतात. आईचं तोंड दिसलं नाही मला. हनन्या म्हटलं की तेच आठवतं.

कोकिळा

भुसावळ, १८ नोव्हेंबर

कोके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ऊन होतं, लोक ताटकळले होते, आणि उरका असं मीच म्हणालो. आठ वर्षं सगळं उन्हावर ढकलत आलो. चुकलं माझं. फार चुकलं.

नाव तू म्हणशील ते. पाळकांना सांगून ठेवलंय, तू आल्याशिवाय समर्पण सुरू करायचं नाही. बस बंद पडली तर बठ्ठे, पाळकांसकट सगळे, बसून राहतील, उपाशी राहिले तरी चालेल.

भाऊ

देवपूर, २२ नोव्हेंबर

ती. भाऊस सा. न. वि. वि.

पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून चिठ्ठी भुसावळ बसच्या कंडक्टरकडे देतेय. रविवारी पहाटेच्या बसने निघते. नाव हनन्याच राहू दे. त्या दिमिष्कवाल्यालाही जायचं नव्हतं, पण गेला ना! आणि मंडळींना पोटभर जेवू घाल, उगाच माझ्या नावाने खडे फोडतील.

भाऊ, बस वेळेवर आली तरी समर्पण जरा थांबव. मला आधी आईच्या कबरीवर जायचंय. एकटीने नाही जमायचं, तू बरोबर चल.

तुझी,
कोकी