घड्याळ गोल होईपर्यंत

नंदनवन, नागपूर
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय ताईस,
चंद्रभानचा सा. न.

घरी सर्व खुशाल, पण एक घोटाळा झाला. तुझ्यासाठी सांगून आलेल्या रुपरावांनी अमेरिकेहून स्वतःची व्हिडिओ कॅसेट पाठवली. काल ती शेजारच्या चंपतरावकाकांकडे पाहिली. पाहुणा बुटका अन् आडवा दिसला. आपल्या उंच पोरीले असा नवरा काहून, असं म्हणून बाबा शुक्रवारी नकाराचं पत्र टाकणार आहेत.

मी काम शिकतो त्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानातल्या उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, तिकडचं चित्र ५२५ रेषांचं, आपला टीव्ही ६२५ रेषांचा; तिकडे सेकंदाला साठदा चित्र काढतात, आपण पन्नासदा. म्हणून इथं ते चेपतं आणि रंगही जातो. टीव्हीच्या मागचा स्क्रू फिरवून उंची वाढते. पण किती वाढवू? कमी ताणलं तर पाहुण्यावर अन्याय, जास्त ताणलं तर तुझी फसवणूक. मी नववी नापास, मला झोप नाही. लगेच कळव.

माया असू दे.
तुझा चंद्रभान

उमरेड
११ नोव्हेंबर

चि. चंद्रभान यास अनेक आशीर्वाद.

काहून गा, नवरा माझा अन् झोप तुझी गेली? चित्रात गोल असलेलं काही शोध, ताट म्हण, घड्याळ म्हण. ते गोल होईपर्यंत ताण आणि थांब. रविवारी मी येते, तोवर बाबांना अडव.

आईला नमस्कार. काळजी कमी अन् जेवण जास्त कर.
तुझी ताई पुष्पलता

नंदनवन
१३ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
सा. न.

रुपरावांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ सापडलं. चित्र थांबवून पट्टीनं मोजलं: रुंदी सहा सेंटीमीटर, उंची पाच. दोन्ही सहा झाल्यावर स्क्रू सोडला. रंग काही आला नाही. बाबांनी पुन्हा पाहिलं आणि पोरगा बरा आहे म्हणून पत्र फाडलं. स्क्रू तसाच राहिला, नंतर बातम्या लागल्या तर निवेदिकेचं कपाळच कापलं गेलं. टीव्ही त्यांचा, म्हणून शेजारच्या काकूंनी मला भरपूर झापलं.

पण ताई, घड्याळच मुळात अंड्यासारखं असलं तर? तिकडे काहीही बनवतात म्हणे. माझ्या स्क्रूवर तुझा जन्म ठरायला नको.

चुकलो तर पोटात घाल.
तुझा चंद्रभान

उमरेड
१७ नोव्हेंबर

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

काल कॅसेट पाहताना सगळ्यांसमोर बोलवेना, म्हणून लिहिते. तुम्ही सारे उंची पाहत होते. शेवटी कॅमेरा बंद झाला असं समजून पाहुणे मोरीपाशी गेले, स्वतःचा कप विसळला आणि उपडा घातला. ते मी पाहिलं.

बाबांना माझा होकार सांग. पाहुणे दोन इंच कमी भरले तरी तुझ्या स्क्रूला बोल लावणार नाही.

तुझ्यावर लोभ आहेच, तो लग्नानंतरही राहील.
तुझी ताई पुष्पलता