कल्ल्यांवर न दिसलेली भेसळ

प्रिय क्रित,

आपल्या महाचाय गावातल्या सगळ्या धाकट्यांसारखी मीही तुला 'पी' म्हणायचे, थोरला म्हणून. आज नुसतं नाव लिहिते आहे. राग मानू नकोस. मानलास तरी माझं काही अडत नाही.

तुझे नमुने पोचले. बारा कुप्या, आत शेपटीचे तुकडे, चिठ्ठ्यांवर तुझंच अक्षर. रानमाशांच्या राखीव तळ्याला तुला तुझ्या वडिलांचं नाव हवं, त्यासाठी मासे शुद्ध असल्याचा दाखला हवा. तो देणाऱ्या प्रयोगशाळेत मी आहे, हे तुला कुठून कळणार? तुमच्या अंगणातल्या माशांच्या बरण्या आठवल्या. नर काचेतून एकमेकांवर धावून दमू नयेत म्हणून मधे पुठ्ठे लावायचं काम माझं असे. आपल्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा तिथेच तुझी आई म्हणाली होती, "माशांत भेसळ चालत नाही आमच्याकडे, घरात कशी चालेल?" माझी आई ब्रह्मदेशातून कोळंबी सोलायला आलेली बाई, एवढंच कारण. तू पाणी बदलत राहिलास.

तर ऐक. पेशीत प्रथिनं घडवणारं यंत्र असतं, रायबोसोम. त्याचा आराखडा डीएनएत शेकडो वेळा लिहिलेला असतो. आपला खाडीतला रानमासा आणि बाजारातला झुंजीचा मासा जवळचे चुलतभाऊ. त्या मजकुरात त्यांची मोजकीच अक्षरं वेगळी. तुझ्या बाराही माशांत दोन्ही मजकूर सापडले. रंग चढावा म्हणून वडिलांनी कधीतरी झुंजीची मादी घातली असणार. मग पिढ्यान्‌पिढ्या रानमाशाशी जोडून डाग धुतला, असं समजले असतील. तुम्ही कल्ल्यांवरच्या दोन हिरव्या रेघा पाहून शुद्ध ठरवता. मी तीनदा तपासलं. पहिल्यांदा कामासाठी, पुढे दोनदा मजा म्हणून.

देवळामागच्या चरातले मासेही तपासले. आपल्या भागात रानात उरलेले तेवढेच. प्रयोगशाळेत जपलेले दहा वर्षांपूर्वीचे नमुने स्वच्छ आहेत, आताच्यांत तुमची भेसळ आहे. स्वतःच्या दर वाढदिवसाला तुझी आई पुण्य म्हणून तुमचेच मासे तिथे सोडते. इतक्या श्रद्धेने कुणी एखादी जात बुडवल्याचं मी पाहिलं नव्हतं.

अहवाल रविवारी देवळाच्या मंडपात वाचायचा आहे, गावासमोर, आणि वाचणार मी आहे. मासे कुणी सोडले तेही त्यात आहे, नावानिशी. तुझी आई पुढच्याच चटईवर बसेल. तिला आधी घरात सांगायचं, की माझ्या तोंडून ऐकू द्यायचं, हे ठरवायला तुला चार दिवस मिळावेत म्हणून हे पत्र. आताही तू पाणीच बदलत राहशील, सांगणार नाहीस, याची मला खात्री आहे. ती नसती, तर कळवलंच नसतं.

तुझीच, पूर्वी कधीतरी,
चन्तिरा